चार चमचे तेल

९ जानेवारी

प्रिय मापारीणबाई,

तू फोन करतेस, मी "हो हो" म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर तुझी वहिनी विचारते की काय म्हणाली, तेव्हा मला सांगता येत नाही. चौतीस वर्षं कचरागाड्यांच्या डेपोत मुकादमगिरी केल्यावर कानांचं दुसरं काय होणार? तेव्हा आता पत्रच. निवृत्त माणसाला अक्षर गिरवायला वेळ भरपूर असतो.

तू सांगितलं होतंस तो कागद आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर लागला. "ऑलिव्ह तेल आणि चांगलं कोलेस्टेरॉल, अभ्यासासाठी निरोगी माणसं हवीत." आम्ही दोघंही सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आलो. निकाल ऐक. माझं चांगलं कोलेस्टेरॉल एकाहत्तर! नर्सने दोनदा वाचलं. म्हणाली, या वयात इतकं कुणाचं बघितलं नव्हतं. मी घरी येईपर्यंत छाती काढून चालत होतो.

तुझ्या वहिनीचं निघालं छत्तीस. मला वाटलं, आता तिला घेतील आणि मला घरी पाठवतील. झालं उलटंच. मला घेतलं, तिला नको म्हणाले. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्याला रोज चार चमचे तेल फुकट, आणि जिच्याकडे नाही तिला नमस्कार. हा कुठला न्याय? तुमच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना विचार. तसं ते तेल दुकानात मिळतं, पण ही आणू देत नाही. एवढ्या महागाचं तेल आपल्या घरात कशाला, असं म्हणून तिने विषय संपवला.

वडील गेले त्या वयाला मी दोन वर्षांत पोचेन. म्हणून एकाहत्तरचा आनंद जरा जास्तच झाला, हेही लिहून टाकतो.

तुझा,
दादा


१७ जानेवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं. तू अभ्यासात आलास हे मी आमच्या मॅडमना त्याच दिवशी सांगितलं. तुमच्याकडचे रक्ताचे आणि लघवीचे नमुने तपासायला इथे माझ्याच टेबलावर येतात. बाटल्यांवर नाव नसतं, नुसता आकडा असतो, त्यामुळे हरकत नाही असं त्या म्हणाल्या. फक्त तुझा आकडा मला कळता कामा नये. तू चुकूनही लिहू नकोस.

वहिनींना घेतलं नाही, कारण त्या रक्तदाबाची गोळी घेतात. गोळीमुळे काय झालं आणि तेलामुळे काय झालं, हे मग वेगळं काढता येत नाही. यात अन्याय काही नाही. त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे मात्र ने, वर्ष झालं असेल.

आता तुझं एकाहत्तर. मी तुझा आनंद घालवणार आहे. तुमच्या डेपोतून सकाळी किती गाड्या सुटल्या हे फाटकावरचा माणूस सांगायचा. तू कधी त्याच्यावर विसंबलास? तू वजनकाट्याची चिठ्ठी मागायचास. गाडी गावभर हिंडून रिकामी परत आली तर तिच्या ड्रायव्हरची तू काय गत करायचास ते मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. चांगल्या कोलेस्टेरॉलचंही तसंच आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेली चरबी उचलायची आणि यकृताकडे नेऊन टाकायची, हे त्याचं काम. एकाहत्तर म्हणजे गाड्या भरपूर. त्या माल किती उचलतात, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. काहींच्या गाड्या कमी असतात पण भरून येतात. काहींच्या नुसत्याच फिरतात.

आम्ही तेवढंच बघतोय, की हे तेल रोज खाल्लं तर गाड्यांचं काम सुधारतं का. पूर्वीच्या काही अभ्यासांत सुधारलेलं दिसलंय. सगळ्यांत नाही. म्हणून तू चार चमचे मनापासून खा, आणि वहीत खरं लिही.

तुझी,
मापारीण


२ फेब्रुवारी

प्रिय मापारीणबाई,

निवृत्त मुकादमाला वजनकाटा शिकवतेस! ठीक आहे, ऐकून घेतलं. पण एकाहत्तर गाड्या असलेल्या डेपोत दहा-वीस आळशी निघाल्या तरी काम थांबत नाही, हे माझ्याकडून लिहून घे.

दहा दिवसांपूर्वी तेल आलं. काळ्या काचेच्या लहान लहान बाटल्या, एका दिवसाची एक. रिकाम्या परत करायच्या, नर्स मोजून घेते. हिरवट रंग, वास कापलेल्या गवताचा. शिजवायचं नाही, चुलीवरून उतरलेल्या भाजीवर वरून घालायचं. चाखून बघितलं तर आधी काही वाटलं नाही आणि मग घशात असं खवखवलं की ठसका लागला. नर्स म्हणाली, खवखवतं म्हणजे तेल चांगलं आहे. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात याला तेल खराब झालं म्हणतात.

दुसरी बातमी. मी घरात कामाला लागलोय. रात्रीची ताटं आता मी वाढतो. तुझी वहिनी शिजवते, मी तिला बाहेर खुर्चीवर बसवतो आणि दोन्ही ताटं वाढून आणतो. पहिल्या दिवशी तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. निवृत्तीला दीड वर्ष झालं, एवढं तर करायला हवं.

बाकी ठीक. तुझ्या वहिनीच्या चपला आटल्या म्हणे, म्हणून एक नंबर मोठ्या घेतल्या. हल्ली कातड्यात काही राम राहिला नाही.

तुझा,
दादा


११ मार्च

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला. सहा आठवड्यांचे नमुने एकदम येऊन पडले. तू ताटं वाढतोस हे मी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तेलाचा हाही परिणाम नोंदवायला हवा.

माझं काम कसं चालतं ते विचारलं नव्हतंस, तरी सांगते. काचेच्या ताटलीत पेशी वाढवायच्या. त्यांना चमकणारा रंग लावलेलं कोलेस्टेरॉल पोटभर खाऊ घालायचं. मग एकेका माणसाच्या रक्तातला चांगल्या कोलेस्टेरॉलचा भाग वेगळा काढून त्यांच्यावर सोडायचा, आणि चार तासांनी चमक किती बाहेर आली ते मोजायचं. ज्याच्या रक्ताने जास्त चमक उचलली त्याच्या गाड्या कामाच्या. सगळी ताटली मोजायला मला सात मिनिटं लागतात, पण तिथवर पोचायला तीन दिवस जातात.

लघवी तपासायचं कारण वेगळं. हे तेल खाल्लं की त्याची एक खूण लघवीत उतरते. कोण खरोखर खातो ते त्यावरून कळतं. या वेळी एक महाभाग सापडला. वही कशी, तर मोत्यासारखी भरलेली, बेचाळीस दिवसांत एक खाडा नाही, रिकाम्या बाटल्या बरोबर परत. आणि लघवीत खुणेचा पत्ता नाही. नालीत ओतत असणार. दादा, मला अशा लोकांचा मनस्वी राग येतो. नको असेल तर सांगावं. एका खोट्या माणसाने आमचं महिनाभराचं मोजमाप वाकडं होतं. मी शेरा लिहून पाठवला आहे, त्याला समज देतील आणि पुन्हा तसं आढळलं तर काढतील.

वहिनी कशा आहेत? डॉक्टरांकडे नेलंस का?

तुझी,
मापारीण


२० मार्च

प्रिय मापारीणबाई,

तू त्या माणसावर फारच तुटून पडलीस. ओतूनच दिलं कशावरून? माणसाच्या घरी काय असतं ते तुला तुझ्या नळकांड्यांतून दिसत नाही. माझ्या डेपोतला एक ड्रायव्हर रोज अर्धा तास उशिरा परतायचा. मी त्याला तीनदा झापलं. चौथ्यांदा कळलं की तो वाटेत आईला औषध पाजून यायचा. मी त्यानंतर झापलं नाही, घड्याळ जरा मागे धरलं एवढंच. तू म्हणशील हे बरोबर नव्हतं. नव्हतंच.

मलाही तेल वेळेवर घेण्याबद्दल नर्सने दोन शब्द ऐकवले. सगळ्यांनाच ऐकवत असावी.

तुझी वहिनी बरी आहे. जरा लवकर दमते. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणते, उन्हाळा सरू दे. जेवताना मात्र आता समोरासमोर बसतो. पूर्वी मी जेवून उठल्यावर ती बसायची, त्यामुळे ती किती कमी जेवते हे मला ठाऊकच नव्हतं.

तुझा,
दादा


२ मे

प्रिय दादा,

आज मी तुला माझं रडगाणं लिहिणार आहे, कारण इथे सांगायला दुसरं कुणी नाही.

बारा आठवड्यांचे नमुने आले. तोच महाभाग. या वेळी लघवीत तेलाची खूण अगदी ठसठशीत. मला बरं वाटलं, सुधारला म्हणून. पण रक्तातल्या गाड्यांचं काम होतं तिथेच, तसूभर बदल नाही. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कुणाकुणात बदल होतच नाही. मग लघवीची साधी पट्टी लावली तर ती गडद हिरवी झाली. प्रथिनं तीन प्लस. अशा वेळी कळवावं लागतं. मी कळवलं. त्यांनी त्या माणसाला बोलावून तिथल्या तिथे पुन्हा नमुना घेतला. स्वच्छ. प्रथिनं नाहीत आणि तेलाची खूणही नाही.

मग एकच अर्थ निघतो. माझ्या टेबलावर बाटल्यांची अदलाबदल झाली. त्या दिवशी चाळीस बाटल्या होत्या. आता चाळीसही संशयात.

बावीस वर्षांत माझ्या हातून एक बाटली हललेली नाही, दादा. मी एकेका बाटलीवर आकडा मोठ्याने वाचते, पोरी हसतात तरी वाचते. मॅडमनी मला टेबलावरून उठवून भांडाराच्या खोलीत बसवलंय. हातमोज्यांची खोकी मोजते. अठरा तारखेपर्यंत चूक माझ्या हातून झाली असं लिहून दिलं, तर तेवढा एक दिवस बाद करून अभ्यास पुढे जाईल. नाही दिलं तर चौकशी बसेल आणि सगळं काम थांबेल. लिहून दिलं तर मी पुन्हा टेबलावर बसणार नाही, हे कुणी बोलत नाही पण सगळ्यांना ठाऊक आहे.

सर्वांत वाईट म्हणजे आता मलाच शंका यायला लागली आहे. घरी मसाल्याच्या डब्यांवरची नावंही मोठ्याने वाचते. मला भीती वाटते.

तुझी,
मापारीण


७ मे

प्रिय मापारीण,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

मला वाटतं, तू सही करून मोकळी हो. मोठ्या कामात अशी एखादी बाटली इकडची तिकडे होतेच, त्याने कुणाचं काय बिघडलं? तुझी नोकरी तर जात नाही ना? खोकी मोजणं हेही कामच आहे, डोळ्यांना ताण नाही. तीन वर्षांनी तूही निवृत्त होशील. उगाच चौकशीच्या भानगडीत पडून कुणाकुणाची चौकशी होणार, त्यातून काय निघणार?

इकडे सगळं ठीक आहे.

दादा


१० मे

दादा,

तुझा सल्ला वाचला. दुसऱ्या कुणी दिला असता तर वाईट वाटलं नसतं.

मी नऊ वर्षांची असताना कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं माप खोटं आहे असं भर दुकानात म्हणाले होते. त्याने माझा कान धरला. तू धावत घरी गेलास, पाच मापांनी भरणारा आईचा तांब्या आणलास आणि पाच मापं ओतूनही तो भरत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलंस. मापारीण हे नाव तू मला त्या दिवशी ठेवलंस. तोच तू आता सांगतोस की माझं माप खोटं म्हणून लिहून दे.

माझं जाऊ दे. सहीही करेन कदाचित. पण मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. ती बाटली कुणाची तरी आहे. तीन प्लस म्हणजे कुणाच्या तरी मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत, आणि त्या माणसाला अजून कुणी सांगितलेलं नाही. असं दुखत नाही, म्हणून कळत नाही. माणूस लवकर दमतो. पायांवर सूज येते, चपला घट्ट होतात, आणि लोक चपलांना दोष देतात. वेळेत कळलं तर गोळ्यांनी थोपवता येतं. मी सही केली की ती बाटली कुणाचीच नव्हती असं ठरेल, आणि तो माणूस तसाच राहील. मी चाळीसही जणांना पुन्हा बोलवा म्हणून तीनदा सांगून बघितलं. आधी सही, मग बघू, असं म्हणतात.

अठरा तारखेला सोमवार आहे.

मापारीण


१३ मे

प्रिय मापारीण,

हे पत्र तुझ्या मॅडमना दाखव. म्हणून ओळी आखून, सुवाच्य अक्षरात लिहितो आहे.

तुझ्या हातून एकही बाटली हललेली नाही. तो महाभाग मी.

तेल मी एक दिवसही खाल्लं नाही, चाखलं तेवढंच. रोजचे चारही चमचे तुझ्या वहिनीच्या भाजीवर घातले. ताटं वाढायला लागलो ते त्यासाठीच, सेवा वगैरे काही नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिने खाल्लं नसतं, तुमच्या नावाचं आलेलं मी कशाला खाऊ म्हणाली असती. माझे एकाहत्तर आणि तिचे छत्तीस. मला वाटलं, वाटणी मीच करून टाकतो.

मार्चमध्ये नर्सने दम दिला, पुन्हा खूण दिसली नाही तर तेल बंद. मग पुढच्या खेपेला घरून लघवीची बाटली न्यायची होती, ती मी तुझ्या वहिनीची नेली. तुलनेसाठी घरातल्या माणसाची हवी आहे असं तिला सांगितलं. तिने काही न विचारता दिली. आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं तेव्हा तिथेच नमुना मागितला, तो माझा दिला. नर्स म्हणाली होती, लघवीतून प्रथिनं जातायत. मापारीण, मला वाटलं प्रथिनं म्हणजे अंगाला लागणारी चांगली गोष्ट. जास्त झाली असतील म्हणून उतरली. मी घरी येऊन हिच्या ताटातली कडधान्यं कमी केली, बास. डॉक्टर म्हणाले तिकडच्या प्रयोगशाळेची चूक दिसते, आणि मी मान डोलावली. तिकडे टेबलाशी तूच बसतेस हे मला ठाऊक होतं आणि तरीही डोलावली. तुझं दोन तारखेचं पत्र आलं तेव्हा सगळं कळलं, आणि तेल बंद होईल म्हणून मी तुला सही करायला सांगितली. याहून वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

परवा तुझं पत्र दारात उभा राहून वाचत होतो. चपलांच्या ओळीवर आलो आणि खाली बघितलं. तिच्या चपला तिथेच होत्या, फेब्रुवारीत घेतलेल्या, एक नंबर मोठ्या. पट्ट्याचं शेवटचं भोकही सोडलेलं होतं.

काल सकाळी तिला दवाखान्यात नेलं. पट्टी तशीच निघाली. मोठ्या तपासण्यांसाठी ठेवून घेतलंय. तिला एवढंच म्हटलं की डॉक्टरांनी बोलावलंय. तेलाचं आणि बाटलीचं अजून सांगितलेलं नाही, धीर होत नाही. सांगेन.

हे पत्र मी स्वतः टपाल कचेरीत जाऊन जलद डाकेने टाकतो आहे, म्हणजे सोमवारच्या आत पोचेल.

दादा


२९ मे

दादा,

पत्र शुक्रवारी पोचलं. मॅडमनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "तुम्ही टेबलावर जा." मी गेले. एकोणचाळीस नमुने ग्राह्य धरले, चाळिसावा बाद. तुझं नाव अभ्यासातून कमी झालंय, तेल बंद.

मी दोन आठवडे लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. मी तुझ्यावर रागावले आहे. ते इतक्यात जाणार नाही, तू मनवायला येऊ नकोस. पण चपलांचं तू मला फेब्रुवारीतच लिहिलं होतंस. नंतर ती दमते म्हणूनही लिहिलंस. मी वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले. दिवसभर अनोळखी माणसांच्या बाटल्या तपासते, आणि घरच्या पत्रातलं नेमकं तेवढं मला दिसलं नाही. तेव्हा सगळा दोष तुझ्या एकट्याच्या पदरात घालत नाही.

तुझ्या डॉक्टरांशी बोलले. वहिनींच्या मूत्रपिंडाच्या चाळणीला रक्तदाबाने इजा झाली आहे. गोळी बदलली आहे. वर्षभर असंच गेलं असतं तर कठीण होतं, आता सांभाळता येईल असं ते म्हणाले. मीठ कमी. तेल चालेल. उगाच भलतं समजू नकोस, तेलाने मूत्रपिंड बरं होत नाही आणि तेलामुळे हे सापडलंही नाही. सापडलं ते तुझ्या लबाडीमुळे. हे वाक्य मला लिहवत नाही, पण खरं आहे.

आता तू अभ्यासात नाहीस, म्हणून तुझा निकाल सांगायला परवानगी मिळाली. एकाहत्तर गाड्या, दादा. उचल मात्र आमच्या यादीतल्या खालच्या काही जणांत. पहिल्या दिवशीही तशीच आणि शेवटच्या दिवशीही. ते तेल तुला लागू पडलं असतं का, ते मी सांगू शकत नाही. तू ते खाल्लंच नाहीस. वडिलांचं वय तू लिहिलं होतंस, ते मात्र मी विसरलेले नाही. या महिन्यात छातीची तपासणी करून घे, आणि दोन चमचे तरी स्वतःच्या भाजीवर घाल. दुकानातून आण.

मापारीण


२० जून

प्रिय वन्सं,

तुम्हाला माझं पत्र बघून आश्चर्य वाटेल. घरात पत्रं लिहिण्याचं खातं ह्यांच्याकडे असतं. पण काही गोष्टी हे लिहिणार नाहीत, कारण ह्यांना त्या ठाऊक नाहीत.

मी बरी आहे. सूज उतरली, जुन्या चपला पुन्हा बसतात. पट्टीचा रंग आता फिकट आलाय. अळणी जेवण मात्र घशाखाली उतरत नाही.

गेल्या आठवड्यात ह्यांनी मला सगळं सांगितलं. समोर बसून, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं. तेल, वही, बाटली, तुमची सही. मी ऐकून घेतलं. वन्सं, तेलाचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पहिल्याच घासाला घसा खवखवला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, मिरी जास्त पडली असेल. घरातली मिरी डिसेंबरात संपली होती, नवी मी आणलीच नव्हती. ह्यांना मिरीचा डबा कुठे असतो तेही माहीत नाही.

मी बोलले नाही. का, ते तुम्हाला सांगते, ह्यांना सांगू नका. लग्नाला अडतीस वर्षं झाली. त्या दिवसापर्यंत माझं ताट मला कुणी वाढून दिलं नव्हतं. मी बाहेर खुर्चीवर बसायची आणि आत भांड्यांचा आवाज यायचा, ह्यांच्या हातून पळी पडायची, मग बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज. ह्यांना वाटायचं मला ऐकू येत नाही. स्वतःला येत नाही ना! तेवढी दहा मिनिटं मला दिवसभर पुरायची.

पायांची सूज मला जानेवारीपासून कळत होती. चपला आटत नाहीत, हे मलाही समजतं. पण बोलले असते तर हे दवाखान्यात घेऊन गेले असते, तिथे तेलाचं बाहेर आलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ताटं पुन्हा मीच वाढली असती. म्हणून गप्प बसले. तुमच्यावर आळ येईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याची माफी मागायला हे पत्र लिहिते आहे. तुम्ही ह्यांच्यावर रागावला आहात, त्यातला निम्मा राग माझ्या नावावर लिहा.

ताटं अजून हेच वाढतात. दुकानातून तेलाची बाटली आणली आहे, पण ती फक्त माझ्यासाठी. छातीची तपासणी करून घेतली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, तेवढं ऐकतात. तेलाचं तुमचं पत्र दाखवलं, डॉक्टरांकडून वदवलं, तरी मान हलवतात. मला काय धाड भरली आहे, म्हणतात, एकाहत्तर आहेत माझे. ह्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं.

ताटं मांडली की हे पाण्याचे पेले आणायला आत जातात. पेले हल्ली मी मुद्दाम वरच्या फळीवर ठेवते, त्यामुळे जरा वेळ लागतो.

काल जेवताना ह्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, भाजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, आज घसा फार खवखवतोय.

मी म्हटलं, मिरी जास्त पडली असेल.

तुमची,
वहिनी